पोरगं विकलं, वही जुळली

२०२५ च्या गणपतीतली गोष्ट. गौरी यायच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३० ऑगस्टला, आम्ही सगळे कोल्हापूरच्या घरी जमलो होतो. स्वयंपाकघरात गौरीच्या भाजी-भाकरीची तयारी चाललेली, आम्ही पुरुषमंडळी मखराची माळ नीट करायच्या नावाखाली टाइमपास करत बसलेलो, आणि भाच्याच्या मोबाइलवर बातमी आली. मँचेस्टर युनायटेडनं अलेहांद्रो गार्नाचोला चेल्सीला विकलं. ४ कोटी पौंड.

"बेस्ट! प्युअर प्रॉफिट!" असं म्हणून आमच्या दादानं मांडीवर थाप मारली. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. धंद्यानं सी.ए. आणि १९९९ पासून युनायटेडचा भक्त. भाचा सोळा वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये डाव्या विंगला खेळतो, त्या दिवशी अंगात १७ नंबरचा गार्नाचोचा शर्ट. तो काहीच बोलला नाही. आत गेला आणि दुसरा शर्ट घालून आला.

मी तेव्हा वाद घालायला लागलो होतो, पण आरतीची वेळ झाली आणि ते अर्धवटच राहिलं. त्यानंतर फोनवर, लग्नात, एकदा तर चक्क दवाखान्याच्या रांगेत आम्ही दोघं यावर भांडलोय. दरवेळी दादा जिंकतो, कारण त्याच्याकडे आकडे असतात आणि माझा आवाज चढतो. म्हणून आज शांतपणे लिहून काढतो. दादा, पूर्ण वाच आणि मग फोन कर.

आधी दादाचा मुद्दा त्याच्याच भाषेत, कारण तो खोटा नाही. क्लब खेळाडू विकत घेतो तेव्हा ती किंमत हिशेबात एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर वाटली जाते. (पूर्वी चेल्सीनं आठ-आठ वर्षांचे करार करून ती फार लांबवली, म्हणून २०२३ मध्ये पाच वर्षांची मर्यादा आली.) म्हणजे ४ कोटींचा खेळाडू पाच वर्षांसाठी घेतला तर वहीत यंदा फक्त ८० लाख दिसतात. पण विकताना उलटं. विक्रीतून पुस्तकात उरलेली किंमत वजा केली की बाकी सगळा नफा याच वर्षाचा. गार्नाचो २०२० मध्ये ॲटलेटिको माद्रिदच्या मुलांच्या संघातून साधारण ४ लाख पौंडांत आलेला, मोठा झाला तो युनायटेडच्या ॲकॅडमीत. पुस्तकात त्याची किंमत जवळजवळ शून्य. त्यामुळे ४ कोटी आले ते जवळपास सगळेच नफ्यात. आणि प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटींपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. २०२४-२५ मध्ये युनायटेड लीगमध्ये पंधरावं आलं, युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून हरलं, म्हणजे पुढच्या वर्षी युरोपातलं उत्पन्नही नाही. दादा म्हणतो, अशा वेळी घरचं पोरगं विकणं हाच शहाणपणा.

आता माझं ऐका. हा हिशेब बरोबर आहे आणि म्हणूनच तो घातक आहे. आजीच्या पाटल्या मोडल्या तर येणारा प्रत्येक पैसा "नफाच" असतो, कारण त्या आपण विकत घेतलेल्याच नसतात. म्हणून काय दरवर्षी एक पाटली मोडून हप्त्यावर टीव्ही आणायचा? नियमच असा केलाय की ज्याला क्लबनं घडवलं तो विकायला सगळ्यात सोयीचा, आणि ज्याला भरमसाट पैसे मोजून आणलं तो विकायला सगळ्यात अवघड. त्याला कमी किमतीत विकलं की तोटा वहीत दिसतो ना! वहीला कळत नाही की कोण चांगला खेळतो. तिला एवढंच कळतं की कोण फुकट पडला.

आणि युनायटेडच्या बाबतीत हे तोंडानं सांगायचीही गरज नाही, तीन विंगर शेजारी शेजारी ठेवून बघा. २०२२ मध्ये अँटनी आयॅक्सकडून आणला, साधारण साडेनऊ कोटी युरो मोजून. २०२३ मध्ये ॲकॅडमीत वाढलेला अँथनी एलांगा नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला, दीड कोटी पौंडांत. पुढं काय झालं? १ एप्रिल २०२५ ला फॉरेस्टच्या मैदानावर त्याच एलांगानं पाचव्या मिनिटाला आपल्या अर्ध्यातून बॉल घेतला आणि जवळजवळ अख्खं मैदान पळून युनायटेडवर गोल मारला. तोच एक गोल, सामना तिथंच संपला. त्या उन्हाळ्यात न्यूकॅसलनं त्याला पाच कोटींहून जास्त देऊन उचलला. आणि अँटनी? गार्नाचोच्या मागोमाग दोनच दिवसांत तो बेटिसला गेला, आणलेल्या किमतीच्या साधारण पाव भागात. गंमत म्हणजे त्याच मार्चमध्ये सर जिम रॅटक्लिफनी मुलाखतीत सांगितलं होतं की आधी घेतलेल्या अँटनी, सँचो, कासेमिरो वगैरेंचे हप्ते आपण अजून भरतोय. मग कुणाला विकून ते हप्ते भरायचे हे उघडच होतं.

दादा यावर म्हणतो, "अरे पण तो काय एवढा ग्रेट होता?"

इथं मला थोडं थांबू दे. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार, आपल्याकडे रात्रीचे दहा. एव्हर्टनचं गुडिसन पार्क, सामन्याचं तिसरं मिनिट. उजवीकडून दालोचा क्रॉस येतो, तो गार्नाचोच्या मागं पडतो, हा दोन-चार पावलं मागं जातो आणि गोलकडे पाठ करून हवेत उलटा होतो. बॉल वरच्या कोपऱ्यात. मी आणि भाचा एवढ्या जोरात ओरडलो की ताई झोपेतून उठून आली. (त्याला पुढं फिफाचं पुश्काश पारितोषिक मिळालं, ते सोडा.) त्याच्या आधी २०२२ च्या एफए यूथ कप फायनलला दोन गोल. २५ मे २०२४ ला एफए कपच्या फायनलला सिटीविरुद्ध पहिला गोल त्याचा, दुसरा कोबी मेनूचा, दोघंही ॲकॅडमीतली एकोणीस वर्षांची पोरं. १४४ सामने, २६ गोल, आणि विकला तेव्हा वय एकवीस.

नाही, तो ग्रेट नव्हता. हजारदा त्यानं चुकीच्या वेळी शूट केलंय, शेजारी मोकळा माणूस उभा असताना. डोकं वर करत नाही, बॉल गेला की हात पसरून उभा राहतो. मीच त्याला जेवढ्या शिव्या घातल्यात तेवढ्या कुणी घातल्या नसतील. पण विंगर असाच पिकतो, मंडळी. सेंटर बॅकचं काम चूक न करणं, विंगरचं काम चुका करत करत एकदा बरोबर करणं. रोनाल्डो २००३ मध्ये स्पोर्टिंगकडून १ कोटी २२ लाखांना आला. पहिल्या तीन मोसमांत लीगमधले त्याचे गोल किती? ४, ५, ९. रोज नुसत्या उड्या आणि कसरती, अख्खं इंग्लंड हसायचं. २००६ च्या विश्वचषकात रूनीला लाल कार्ड मिळालं आणि ह्यानं डोळा मारला, तेव्हा तर सगळा देश त्याला हाकला म्हणत होता आणि पोरालाही जायचंच होतं. फर्ग्युसन पोर्तुगालला जाऊन त्याची समजूत घालून आला. पुढच्या दोन मोसमांत १७ आणि ३१ गोल, आणि २००९ मध्ये विकला तो ८ कोटींना. मी असं म्हणत नाही की गार्नाचो म्हणजे रोनाल्डो. (दादा लगेच हेच पकडणार, म्हणून आधीच लिहितो.) मी म्हणतो की एकविसाव्या वर्षी ते कुणालाच कळत नसतं, रोनाल्डोबद्दलही कळलं नव्हतं. कळेपर्यंत थांबायला युनायटेडकडे २०२८ पर्यंतचा करार होता. डोक्यावर कुणी बंदूक धरली नव्हती.

मग घाई का? तर कोचच्या फॉर्मेशनमध्ये विंगरच नव्हता. रुबेन अमोरीम नोव्हेंबर २०२४ ला आला तो तीन बॅक आणि दोन विंगबॅक घेऊन. पुढं स्ट्रायकरच्या मागं आतल्या बाजूला खेळणारे दोघं. रेषेला चिकटून पळणाऱ्या पोराला त्यात जागा कुठली? बिल्बाओच्या फायनलला ७१ व्या मिनिटाला उतरवला, नंतर त्यानं आपली नाराजी पत्रकारांपुढं बोलून दाखवली, भावानं इन्स्टाग्रामवर आणखी तेल ओतलं, आणि मग उन्हाळाभर त्याला, रॅशफर्डला, सँचोला, अँटनीला बाकी संघापासून वेगळं ठेवून सराव. अमेरिकेच्या दौऱ्यावरही नेलं नाही.

आता सांगा, वडगावच्या बाजारात बैल विकायला नेणारा माणूस बैलाच्या गळ्यात "हा आम्हाला नको झालाय" अशी पाटी बांधून नेतो का? समोरचा भाव पाडणारच. दादा, तू व्यवहाराचा माणूस, हा तरी व्यवहार तुला पटतो का?

आणि ज्याच्या फॉर्मेशनपायी हे सगळं झालं तो अमोरीम स्वतःच २०२६ च्या जानेवारीत गेला. पोरगं विकल्यावर चार महिन्यांत! त्याच्या जागी कॅरिक आला, चार बॅक आणि विंगर परत आले. पहिल्याच सामन्यात सिटीविरुद्ध डाव्या विंगला कोण? पॅट्रिक डोर्गू, मूळचा डावा बॅक. (त्यानं त्या दिवशी गोल केला आणि युनायटेड २-० जिंकलं, हे माझ्या विरोधात जातं, पण लपवून काय करू.) कोच भाडेकरू असतो. त्याला खाट मावत नाही म्हणून मालकानं दार विकायचं नसतं.

उगाच भाबडेपणानं लिहितोय असं वाटू नये म्हणून सांगतो, विंगर विकणं हे पाप आहे असं माझं म्हणणं नाही. १९९५ मध्ये फर्ग्युसननं आंद्रेई कांचेल्स्किसला एव्हर्टनला दिलं. उजव्या विंगचा तुफान खेळाडू, तेव्हाही लोक खवळले होते. पण बदली माणूस विकत आणला नाही, कारण ॲकॅडमीतून डेव्हिड बेकहॅम दारात येऊन उभा होता. त्या मोसमात लीग आणि कप दोन्ही आले. घरचा माणूस विकला तर त्याच्या जागी घरचाच दुसरा, हा हिशेब मला समजतो. २०२५ च्या उन्हाळ्यात मात्र कुन्या, एमब्युमो आणि शेश्को या तिघांवर जवळपास २० कोटी पौंड खर्च झाले. चांगले खेळाडू आहेत, वाद नाही. पण गार्नाचोच्या ४ कोटींनी क्लब वाचला असं मात्र सांगू नका.

राहिला माजोरडेपणा. वहिनींचा हा मुद्दा: "असला उद्धट मुलगा हवाच कशाला?" वहिनी, तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हाला मी काय सांगणार. त्यानं सुट्टीत व्हिलाचा शर्ट घालून फोटो टाकला, मागं रॅशफर्डचं नाव. पोरकटपणाच तो. पण वर्गातलं हुशार आणि व्रात्य पोरगं पलीकडच्या शाळेला देऊन टाकून त्या पैशात बाकं घेतली असं तुम्ही कधी केलंत का?

आमच्या गावात फुटबॉल पेठांचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील खेळो की खंडोबा की शिवाजी तरुण मंडळ, बाहेरगावचे खेळाडू येतात, परदेशीही येऊन गेलेत, चांगला खेळला तर लोक डोक्यावर घेतात. पण पेठेतलं पोरगं विंगला बॉल घेऊन निघालं की गॅलरीत जो आवाज होतो तो वेगळा. त्यानं बॉल घालवला तर शिव्याही वेगळ्या, अगदी त्याच्या आजोबांचा उद्धार करून! कारण ते आजोबा गॅलरीतच बसलेले असतात. ओल्ड ट्रॅफर्डवर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या चमूत ॲकॅडमीतला कुणीतरी असतो, हे क्लब स्वतः मिरवतो. मिरवायचं आणि हिशेब जुळेना की त्यांतलाच एक मोडायचा?

तो चेल्सीत चमकतो का फसतो याच्यावर माझा मुद्दा अवलंबून नाही, दादा, त्यामुळे प्रत्येक सोमवारी मला त्याचे आकडे पाठवू नकोस. फसला तरी मी हेच म्हणेन. तो फसतो का हे बघायचा हक्क आपला होता.

भाच्याला दादानं नवा शर्ट घेऊन द्यायचं कबूल केलंय. कुणाच्या नावाचा, ते अजून ठरत नाही. परवा विचारलं तर म्हणाला, "मामा, नावाशिवायचाच घेऊया. शंभर-दोनशे वाचतील."