'ब्रॉडन' करा, पण नेमकं काय?

सीव्हीच्या 'ऑब्जेक्टिव्ह'मध्ये हमखास सापडणारं वाक्य म्हणजे, 'आय वॉन्ट टू ब्रॉडन माय होरायझन्स.' व्याकरण एकदम परफेक्ट. पण इंटरव्ह्यूत 'म्हणजे नेमकं काय करणार?' असं विचारलं की शांतता!

याचं मूळ आपल्या पाठांतरात आहे. 'ब्रॉडन' म्हणजे रुंद करणे. 'वाइडन' म्हणजे? तेही रुंद करणे. एका मार्कापुरतं ठीक आहे हो, पण पुढे? आश्चर्याने डोळे 'वाइडन' होतात, 'ब्रॉडन' नाही. गरीब-श्रीमंतांतली दरीही 'वाइडन' होते. अनुभव, दृष्टिकोन मात्र सहसा 'ब्रॉडन' होतो. आणि डोळ्यांचे डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात, तिथे तिसरंच क्रियापद, 'डायलेट'.

यात लॉजिक शोधायला गेलात तर दमाल. रेल्वे 'ब्रॉडगेज', बॉल मात्र 'वाइड'. (ब्रॉड म्हटल्यावर २००७चे युवराजचे सहा सिक्स आठवतात, तो भाग वेगळा!) 'वाइड'चं 'वाइडन' होतं, मग 'बिग'चं 'बिगन' का नाही? नाही म्हणजे नाही. भाषा सवयीने चालते.

आपल्या मराठीत तरी दुसरं काय आहे? रस्ता रुंद होतो, डोळे विस्फारतात, धंदा विस्तारतो, आग पसरते. 'रस्ता विस्फारला' असं कुणी म्हणालं तर अख्खा कट्टा हसेल. पण याची यादी आपल्याला कुणी दिली होती का? ऐकून, वाचून, बोलूनच आलं ना हे?

म्हणूनच मराठी मीडियममधून आलोय, आपली 'व्होकॅब' कच्ची आहे, असं म्हणत समानार्थी शब्दांच्या पीडीएफ घोकत बसणाऱ्या दोस्तांना सांगावंसं वाटतं, त्या बंद करा. कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द शोभतो, हे ओळखणारा कान तुमच्याकडे आहेच. इंग्रजीसाठीही तोच वापरा. शब्द एकटा लिहून ठेवू नका, त्याच्या जोडीदारासकट अख्खं वाक्य लिहा. रोज एक पान वाचा, मोठ्याने वाचलंत तर उत्तमच.

आणि सीव्हीतली ती 'होरायझन्स' आता खोडाच. त्याऐवजी साध्या इंग्रजीत लिहा, 'मी कॉमर्सची आहे, पण सध्या कोडिंग शिकतेय.' क्षितिज किती रुंदावलं, ते समोरच्याला आपोआप कळेल.