फोन जुना, म्हणून सातबारा कोरा?

महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या बाजूला बऱ्याच घरांत एक रीत पडली आहे. पोरगा चाकणच्या कंपनीत लागला की स्वतःला नवा फोन घेतो आणि त्याचा जुना वडिलांकडे येतो. कांद्याचा भाव विचारायला तो पुरतो. पण ऑगस्ट उजाडला की त्याच फोनवर पिकाची नोंद करायची असते, आणि तिथे गाडी अडते. 'हे अ‍ॅप तुमच्या फोनवर चालत नाही' असा निरोप येतो. म्हाताऱ्याला वाटते, आपल्यालाच जमेना. मंडळी, दोष तुमच्या बोटांचा नाही.

ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाली. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, नोंद गाव नमुना बाराला जाते. पीककर्ज, विमा, हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई, सगळीकडे हीच नोंद पाहतात. म्हणजे प्रश्न दिसतो मोबाइलचा, आहे शेताचा. मधल्या काळात अ‍ॅपच्या आवृत्त्या बदलल्या, पुढे डिजिटल क्रॉप सर्व्हेचे अ‍ॅप आले.

कंपनीत काम करणाऱ्याला हे लगेच कळेल. नव्या मॉडेलचा पार्ट जुन्या गाडीला बसत नाही, तसेच हे. फोनची मूळ प्रणाली म्हणजे अँड्रॉइड. स्वस्त फोनला कंपनी तिच्या सुधारणा थोडीच वर्षे देते, मग हात काढून घेते. अ‍ॅप किती जुन्या अँड्रॉइडवर चालवायचे, ही खालची हद्द मात्र अ‍ॅप बनवणारा ठरवतो. इथे बनवून घेणारे सरकार आहे, तेव्हा हा निर्णय खात्याचा आहे, दैवाचा नव्हे.

वरची हद्द गूगलच्या हातात आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासूनचा दंडक असा की प्ले स्टोअरवर येणारे नवे किंवा सुधारलेले अ‍ॅप अँड्रॉइड १५ धरून बांधलेले हवे. आधीचे अ‍ॅप निदान १४ धरून बांधलेले नसेल, तर नव्या फोनवाल्या नव्या माणसाला ते स्टोअरमध्ये दिसतच नाही. मुदतवाढ मागता येते, पण तारीख पाहा! ऐन खरिपाच्या नोंदणीत येते. अमेरिकेतल्या कंपनीला आपला हंगाम कुठला ठाऊक? तो खात्याने ध्यानात ठेवायचा.

आता शिक्क्याची गोष्ट. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. नव्या आवृत्तीवर तीच सही नसेल तर फोन ती जुन्यावर चढवू देत नाही. जुने काढूनच नवे घ्यावे लागते. आणि जुने काढले की फोनमध्ये साठवलेल्या, अपलोड न झालेल्या नोंदी जाण्याची भीती असते. म्हणून आधी अपलोड, मग डिलीट. हा क्रम चुकवू नका.

ही सही एवढेच सांगते की माल त्याच हातचा आहे. तो हात सरकारचा की भामट्याचा, हे ती सांगत नाही. पीएम किसानच्या किंवा आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एपीके फायलींनी लोकांची खाती रिकामी केली ती याच फटीतून. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले, की अ‍ॅप बनवणाऱ्याने ओळख पटवल्याशिवाय ते फोनवर बसणार नाही; सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. भामट्यांना आळा बसेल, खरे. पण तुमच्या दूध संस्थेचे अ‍ॅप कोणा ओळखीच्या पोराने करून हातोहात वाटले असेल, तर त्यालाही कागदपत्रे द्यावी लागतील. आत्ताच विचारून ठेवा.

ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी भाऊसाहेब, यांचीही सुटका नाही. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेत डिजिटल सातबाऱ्याच्या फाईलवर प्रश्नचिन्ह दिसते आणि साहेब तो परत करतात, त्यातही पुष्कळदा सही खोटी नसते. त्या संगणकाला भारतीय सहीच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख करून दिलेली नसते. अशा वेळी वाद घालू नका, उताऱ्यावरचा १६ अंकी क्रमांक टाकून पडताळा म्हणावे.

खात्याकडे मागणे एकच. निदान कोणते अँड्रॉइड लागेल, हे जुलैतच चावडीच्या फळ्यावर लावा. हंगाम सुरू झाल्यावर कळून काय उपयोग? तोवर तुम्ही सेटिंगमध्ये 'फोनविषयी' उघडून आपला आकडा पाहून ठेवा. फोन चालत नसेल तर अडून बसू नका, एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते. पोराला सुट्टीच्या वारी त्याच्या नव्या फोनसकट बांधावर न्या, आणि शेजारच्या विधवा बाईचे पीकही त्यातच नोंदवून घ्या.