आलेख उमटत नाही, तिथूनच प्रॅक्टिकल सुरू होते

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत पायथन आता सर्रास शिकवले जाते. सीबीएसईच्या बारावीच्या ‘इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’ या विषयात तर मॅटप्लॉटलिब वापरून आलेख कसे काढायचे, यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. पण पुस्तकातला धडा प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि विद्यार्थ्याची अडचण त्याच्याही आधीची असते. लायब्ररी इन्स्टॉल होत नाही; झाली तर सापडत नाही; सापडली तर आलेखाची खिडकी उघडत नाही; उघडली तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. असे काही झाले की ‘दुसऱ्या मशीनवर बस’ किंवा ‘सगळे काढून पुन्हा टाक’ हे ठरलेले उपाय होतात, आलेख शेजारच्याकडून घेतला जातो, जर्नलमध्ये चिकटतो आणि सबमिशन पार पडते. बिघाड कशाने झाला होता, हे कोणालाच कळत नाही. हा शोध प्रॅक्टिकलचाच भाग मानला पाहिजे, त्यासाठी वेळ राखून ठेवला पाहिजे आणि त्याला गुण दिले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

एका चित्रासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दिले आहे. त्याने प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच तयार केले. चारही संचांची सरासरी, विचरण आणि सहसंबंध जवळजवळ सारखेच. कागदावर मांडल्यावर मात्र एकात सरळ कल दिसतो, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात आणि चौथ्यात एकच भरकटलेला बिंदू सगळा निष्कर्ष ओढून नेताना दिसतो. केवळ आकडेमोड पाहणाऱ्याला यातले काहीच कळले नसते. म्हणूनच आलेखाची साधने शास्त्रज्ञांनी आपल्या गरजेतून घडवली. मॅटप्लॉटलिबची सुरुवात करणारा जॉन हंटर हा मेंदूचा अभ्यासक होता. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पाहण्यासाठी त्याला साधन हवे होते. ते त्याने लिहिले आणि २००३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगासमोर आली, तिच्यामागच्या कामातही हेच साधन वापरले गेले होते. असे सॉफ्टवेअर एकट्याने उभे नसते. त्याच्याखाली आकडेमोडीची लायब्ररी असते, अक्षरे काढणारी वेगळी, खिडकी उघडणारी आणखी वेगळी, आणि सर्वांच्या तळाशी ऑपरेटिंग सिस्टिम. बिघाड यांपैकी कोणत्याही थरात होऊ शकतो, आणि तो कोणत्या थरात आहे हे ठरवणे हे विचाराचे काम आहे.

सर्वांत नेहमीची तक्रार घेऊ. पायथनच्या लायब्रऱ्या इन्स्टॉल करणाऱ्या ‘पिप’ने मॅटप्लॉटलिब व्यवस्थित इन्स्टॉल झाल्याचे सांगितले, तरी प्रोग्राम चालवला की ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असा एरर येतो. विद्यार्थी तीच आज्ञा पुन्हा देतो, पुन्हा तेच. बहुतेक वेळा कारण असे असते की संगणकावर पायथन एक नसून दोन-तीन आहेत. एक मुळातच आलेले, एक स्वतः टाकलेले, एक ॲनाकोंडासोबतचे. पिपने लायब्ररी एकात टाकली आणि एडिटर दुसरेच पायथन चालवतो आहे. कोणते पायथन चालू आहे हे त्यालाच विचारले तर ते आपला पूर्ण पत्ता छापून देते, आणि त्याच पायथनमार्फत पिप चालवला की प्रश्न मिटतो. दुसरे कारण याहून साधे पण जास्त छळणारे. विद्यार्थी आपल्या फाइललाच ‘मॅटप्लॉटलिब डॉट पीवाय’ असे नाव देतो. मग पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी हीच फाइल उचलते आणि प्रोग्राम स्वतःलाच आत बोलावतो. इथे शंभर वेळा पुन्हा इन्स्टॉल करून काही होत नाही, फाइलचे नाव बदलले की काम होते. विहिरीवरचा पंप सुरू झाला नाही तर शेतकरी लगेच नवी मोटर आणत नाही. आधी लाइट आहे का, फेज आहे का, फ्यूज उडाला का, स्टार्टर धरतो का, फूटव्हॉल्व्ह गळतो का, हे क्रमाने पाहतो. संगणकापुढे बसलेल्या विद्यार्थ्याला हाच क्रम लावायला आपण शिकवत नाही.

पुढचा थर पडद्याचा. आलेख आखणे आणि तो पडद्यावर दाखवणे ही मॅटप्लॉटलिबमध्ये दोन वेगळी कामे आहेत. दाखवण्याचे काम ‘बॅकएंड’कडे असते. टीके किंवा क्यूटी यांसारखी खिडक्यांची यंत्रणा उपलब्ध असेल तर खिडकी उघडते, नसेल तर ‘ॲग’ हा बॅकएंड चित्र फक्त फाइलमध्ये उतरवू शकतो. महाविद्यालयाच्या सर्व्हरवर दुरून लॉगिन करून काम करणाऱ्याला म्हणूनच काही दिसत नाही: त्या सर्व्हरला पडदाच नसतो. आलेख तयार झालेला असतो, तो फाइलमध्ये साठवून आपल्या संगणकावर आणायचा असतो. ग्नूप्लॉट या १९८६ पासूनच्या सॉफ्टवेअरमध्ये याच गोष्टीला ‘टर्मिनल’ म्हणतात, आणि पडदा सापडला नाही तर टर्मिनल ‘अननोन’ असल्याचे ते स्वतःच सांगते. आणखी एक तक्रार म्हणजे साठवलेली फाइल उघडली तर ती कोरी निघते. इथे विद्यार्थ्याने आधी आलेख दाखवलेला असतो आणि नंतर साठवलेला असतो. खिडकी बंद होताच ती आकृती संपते आणि साठवली जाते ती नवी, रिकामी आकृती. दोन ओळींचा क्रम उलटा केला की झाले. पण हे सुचण्यासाठी ‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांतला फरक आधी लक्षात यावा लागतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण देवनागरीचे आहे. जिल्ह्याच्या पावसाचा आलेख काढून उभ्या अक्षावर ‘पर्जन्यमान (मिमी)’ असे लिहिले, तर मॅटप्लॉटलिब रिकाम्या चौकोनांची रांग दाखवते. सोबत इशारा येतो की अमुक क्रमांकाचे चिन्ह सध्याच्या फॉन्टमध्ये नाही. त्यातला २३५० हा युनिकोडमधला ‘म’. म्हणजे मजकूर बरोबर पोहोचला आहे, पण मॅटप्लॉटलिबचा ठरलेला फॉन्ट, देजावू सान्स, याच्यात देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपचा मुक्त यांसारखा फॉन्ट दिला की चौकोन जातात. प्रश्न सुटला असे वाटते, पण नीट वाचले की दुसरा दोष दिसतो. ‘पर्जन्य’मधला रफार ‘ज’च्या डोक्यावर चढत नाही, पाय मोडलेला ‘र’ सुटाच उभा राहतो. ‘न्य’ जोडला जात नाही. आणि ‘मिमी’मध्ये पहिल्या ‘म’ची पहिली वेलांटी दोन्ही ‘म’च्या मधोमध जाऊन बसते, त्यामुळे दुसऱ्या ‘म’ला एकाच वेळी पहिली आणि दुसरी अशा दोन्ही वेलांट्या लागल्यासारख्या दिसतात.

इथे बहुतेक जण फॉन्टला दोष देऊन तिसरा, चौथा, पाचवा फॉन्ट डाउनलोड करतात. खरे तर एका छोट्या प्रयोगाने निकाल लागतो. तोच मजकूर त्याच फॉन्टमध्ये लिबरऑफिसमध्ये टाकून पाहायचा. तिथे अक्षरे नीट जुळली तर फॉन्ट निर्दोष आहे. मग दोष कुठे? युनिकोडमध्ये ‘मि’ हे अक्षर आधी ‘म’ आणि मग वेलांटी अशा उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते. दाखवताना वेलांटी पुढे आणणे, रफार वर चढवणे, जोडाक्षर साधणे हे काम अक्षररचनेच्या वेगळ्या इंजिनाला करावे लागते. हार्फबझ हे असे खुले इंजिन ब्राउझरपासून लिबरऑफिसपर्यंत अनेक ठिकाणी वापरले जाते. मॅटप्लॉटलिबच्या आतापर्यंतच्या बहुतेक व्हर्जनमध्ये मात्र ते नाही. एवढे कळले की वाटाही सापडतात. ग्नूप्लॉटची ‘कैरो’ या चित्रांकनाच्या लायब्ररीवर चालणारी टर्मिनल अक्षरांचे काम पँगो या लायब्ररीकडे देतात, त्यामुळे तिथे मराठी नीट उमटते. मॅटप्लॉटलिबमध्येही आलेख एसव्हीजी स्वरूपात, अक्षरांची चित्रे न करता मजकूर मजकूरच ठेवून साठवला, तर ब्राउझर अक्षरे बरोबर जुळवतो. फॉन्ट, संकेत आणि रचना हे तीन थर वेगळे करून एकेक संशयित बाद करणे, यालाच वैज्ञानिक पद्धत म्हणतात. पाठ्यपुस्तकात तिची व्याख्या असते. ती हाताने करून पाहण्याची याहून स्वस्त संधी मला माहीत नाही.

संगणकाचे वातावरण हा विज्ञानाचाच भाग आहे, याचा मोठा पुरावाही आहे. रसायनशास्त्रात रेणूंच्या रचनेशी संबंधित आकडेमोडीसाठी २०१४ पासून उपलब्ध असलेला एक पायथन प्रोग्राम अनेक संशोधक वापरत होते. हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की तोच प्रोग्राम त्याच माहितीवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगवेगळी उत्तरे देतो. कारण एवढेच होते की प्रोग्राम फाइलींची यादी सिस्टिमकडून मागत होता आणि ती ठरावीक क्रमाने येईल असे गृहीत धरत होता. कुठलाही एरर येत नव्हता. इथे आलेख उमटला असता आणि तो चुकीचा असता. ‘माझ्याकडे चालते’ एवढ्यावर समाधान मानायची सवय लागलेल्या संशोधकाला असा दोष कधीच सापडणार नाही. त्यासाठी आपले निकाल कोणत्या सिस्टिमवर, कोणत्या व्हर्जनवर आले हे पाहण्याची शिस्त हवी, आणि ती पदवीच्या पहिल्या वर्षातच लागायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा की आता गूगल कोलॅबसारख्या सोयी आहेत. ब्राउझर उघडा आणि काम सुरू करा, इन्स्टॉल करायचेच कशाला? नवख्यांना सुरुवात करून द्यायला ही सोय उत्तम आहे आणि ती जरूर वापरावी. पण तिथला संगणक आपला नसतो, त्यावरची व्हर्जन आपल्याला न विचारता बदलतात, इंटरनेट गेले की काम थांबते, आणि प्रयोगशाळेतल्या उपकरणातून थेट माहिती घ्यायची तर शेवटी जवळच्या संगणकावरच यावे लागते. मराठी अक्षरांचे चौकोन तर तिथेही दिसतात. दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रमच पुरा होत नाही, त्यात ही भर कुठे टाकायची, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. पण हा वेळ आजही खर्च होतोच, फक्त वेळापत्रकात दिसत नाही. सत्रात दोन प्रॅक्टिकल याला दिली तर पुढच्या प्रत्येक तासातली वीस-वीस मिनिटे वाचतील.

तिसरा आक्षेप भाषेचा. एररचे संदेश इंग्रजीत येतात, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ते पाहूनच बिचकतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच ते वाचायला शिकवले पाहिजे. पायथनचा लांबलचक ट्रेसबॅक खालून वर वाचायचा असतो. शेवटच्या ओळीत दोषाचे नाव असते आणि त्याच्या वरच्या ओळींत तो कुठे झाला ते. नेहमी भेटणारे एरर मोजकेच आहेत. त्यांची मराठी समजूत देणारे दोन पानांचे टिपण कोणताही विभाग तयार करू शकेल. चौथा आक्षेप आजचा आहे: एरर एआयला विचारला की उत्तर मिळते. मिळते, आणि पुष्कळदा बरोबरही असते. पण संगणकावर तीन पायथन आहेत हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. काय सांगायचे हे ज्याला कळते त्यालाच उपयोगी उत्तर मिळते, आणि मिळालेले उत्तर तपासण्याची जबाबदारीही त्याचीच राहते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सॉफ्टवेअर इतके अडखळत असेल तर दोष बनवणाऱ्यांचा. वापरणाऱ्याने का झिजावे? बनवणाऱ्यांची जबाबदारी मी कमी लेखत नाही आणि त्यांनी ती टाळलेलीही नाही. पूर्वी पडदा नसलेल्या सर्व्हरवर मॅटप्लॉटलिब एरर देऊन थांबत असे. २०१८ च्या ३.० व्हर्जनपासून बॅकएंड आपोआप निवडला जातो आणि खिडकी शक्य नसेल तर काम निमूटपणे ‘ॲग’कडे जाते. पण खुल्या सॉफ्टवेअरमधल्या अशा सुधारणा वापरणाऱ्यांनी नेमका बिघाड कळवल्याशिवाय होत नाहीत. ‘मराठी दिसत नाही’ ही तक्रार कोणाच्याच कामाची नसते. ‘या व्हर्जनमध्ये, या फॉन्टसह, या शब्दातली वेलांटी चुकीच्या जागी येते, तोच फॉन्ट दुसरीकडे बरोबर चालतो’ ही तक्रार सोडवता येते. देवनागरी वापरणारे कोट्यवधी आहेत. आलेखावर मराठी नीट उमटावी ही निकड आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला वाटणार? ही गरज नेमक्या शब्दांत मांडणारे विद्यार्थी आपणच घडवायला हवेत.

यासाठी मोठा निधी लागत नाही. मुद्दाम बिघडवून ठेवलेले चार-पाच संगणक घ्यावेत आणि विद्यार्थ्यांनी कारण शोधून, पुराव्यासह जर्नलमध्ये लिहावे: काय दिसले, कोणता अंदाज केला, तो कसा तपासला, कोणता अंदाज खोटा ठरला. प्रत्येक आलेखाखाली सॉफ्टवेअरचे आणि सिस्टिमचे व्हर्जन लिहिणे बंधनकारक करावे. ओरलमध्ये आलेखाच्या रंगांऐवजी ‘हा दुसऱ्या संगणकावर असाच येईल का?’ असे विचारावे. साधनांचीही वानवा नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून धडे आहेत. त्रिमितीय आलेखांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘मायावी’चे मूळ लेखक प्रभु रामचंद्रन त्याच संस्थेत शिकवतात. कमतरता आहे ती विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांच्या निर्णयाची. पुढच्या वेळी अभ्यासक्रम बदलताना त्यांनी बिघाडाच्या शोधाला प्रॅक्टिकलच्या यादीत क्रमांक आणि गुणपत्रिकेत रकाना द्यावा. ज्याला गुण नाहीत ते आपल्याकडे शिकवले जात नाही, हे मंडळांना चांगले ठाऊक आहे.