जुना टीव्ही आणि तीन वायरी

'विज्ञानाने जग जवळ आणले' हे वाक्य आपण सर्वांनीच निबंधात लिहिले आहे. गेल्या दिवाळीत मात्र याच विज्ञानापायी आमच्या घरी भांडणाची वेळ आली.

मी मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यातून अमरावतीला शिकायला आले. घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. घरी 32 इंची जुना एचडी टीव्ही आहे. त्याला एचडीएमआयची जागा एकच, आणि तीही फ्री डिशच्या पेटीने अडवलेली. आबाजींना डीव्हीडी प्लेअरवर तुकडोजी महाराजांची भजने ऐकायची होती. मला लॅपटॉपवरील 'स्वयं'ची व्याख्याने मोठ्या पडद्यावर पाहायची होती. अकोल्याच्या एका दुकानदाराने निकाल दिला, टीव्ही बदला! बाबा म्हणाले, "कापूस इकला का नवा घेऊ, माय."

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी टीव्हीची पाठ नीट पाहिली. एचडीएमआय ही 2002 साली आलेली सोय. तिच्या आधीच्याही जागा तिथे होत्या. पिवळी-पांढरी-लाल ही साधी जागा. तिच्यातून एचडी चित्र जात नाही, पण आमच्या फ्री डिशचे चित्र मुळात 576 ओळींचेच. त्याला ती पुरते. हिरवी-निळी-लाल ही कंपोनंटची जागा. तिच्यातून 1080 ओळींपर्यंतचे चित्र येते; तिथे आबाजींचा प्लेअर लावला, आवाजाच्या दोन पिना वेगळ्या. मोकळी झालेली एचडीएमआय लॅपटॉपला मिळाली. यंत्र बदलायचे तर रिमोटवरचे 'सोर्स' बटण दाबायचे. खर्च एका वायरीचा! फ्री डिशचे रंग किंचित पसरट दिसतात, हे कबूल. पण बातम्यांखालची अक्षरे आबाजींना वाचता येतात. उद्या एचडीएमआयवरच चालणारे आणखी एखादे यंत्र आले, तर एकाच जागेवर दोन-तीन यंत्रे जोडणारी स्विचची डबी काही शे रुपयांत मिळते. गंमत अशी की अनेक नव्या टीव्हींत कंपोनंटची जागाच नसते.

मित्रहो, नवे घेऊच नये असे मी म्हणत नाही. पण आपल्या अज्ञानाची किंमत बापाच्या कापसाने का चुकवावी? शिवाय टाकलेला टीव्ही जातो कुठे? जुन्या एलसीडी टीव्हीच्या पडद्यामागील दिव्यांत पारा असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. आमच्या गावात मात्र अजून भंगारवालाच येतो.

आर्ट्सच्या मुलांना वायरीतले काय कळणार, असे आपणच म्हणतो आणि मोकळे होतो. वाचता येणाऱ्याला टीव्हीची पाठही वाचता आली पाहिजे. म्हणून माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात एक दिवस यासाठी ठेवावा. गावातले जुने टीव्ही आपण जोडून देऊ. आमचा कापूस विकला गेला. त्यातून या सत्राच्या माझ्या मेसचे पैसे भरले. असे आणखी चार घरी घडले, तरी तो दिवस सार्थकी लागला असे मी मानीन.