मागचं टायर रुंद करण्याआधी

आलापल्लीच्या माझ्या गॅरेजात पोरं येतात ती एकच मागणी घेऊन: "काका, स्प्लेंडरला मागं जाड टायर टाकून द्या." मी नाही म्हणतो. 80/100-18च्या जागी 100/90-18 बसवलं की टायर 20 मिलिमीटरनं रुंद होतं आणि उंचीही तेवढीच वाढते. रिम मात्र जुनी, अरुंद. तिच्यात टायर दोन्हीकडून आवळलं जातं, मधला भाग फुगतो आणि रस्त्याला टेकतो तो मधला पट्टाच. पकड वाढावी म्हणून पैसे घातले, ती वाढतच नाही. वर चाक मोठं आणि जड झाल्यामुळे शंभर सीसीचं इंजिन चढावर दमतं.

पावसाळ्यात तर विचारू नका. एटापल्ली-भामरागडकडच्या कच्च्या वाटेवर चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये गच्च भरतो. मूळ टायरला तिथं जागा असते, चिखल गळून पडतो. जाड टायरचं चाक अडतं, तेही जंगलात, जिथं मोबाईलला रेंज नाही.

जाड टायरला चेन घासते म्हणून काही जण मागचं चाक धरणारा चिमटा कापून, रुंद करून वेल्डिंग करवतात. हे मला सहन होत नाही. दोन माणसं आणि धानाचं पोतं घेऊन जाणाऱ्या गाडीचा सगळा भार त्या जोडावर येतो. शिवाय 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदलाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, कैदेचीही तरतूद आहे.

मूळ मापाचंच, खोल गट्टूचं टायर घ्या. उरलेल्या पैशांत चेनसेट आणि मागचे ब्रेक शू बदलून घ्या.