दुसरी आवृत्ती कशासाठी?

वीस चिन्हे. काही अक्षरे, काही आकडे, मध्येच एखादा बदाम किंवा चौकट. 'द लीजंड ऑफ झेल्डा : ओरॅकल ऑफ सीझन्स' संपवले की गेम बॉय कलरच्या तळहाताएवढ्या पडद्यावर ती उमटतात. खेळाडू ती कागदावर उतरवून घेतो, 'ओरॅकल ऑफ एजेस'ची कॅसेट लावतो आणि एकेक चिन्ह निवडून भरतो. मग दुसरा खेळ त्याला ओळखू लागतो. पहिल्या खेळात सोबत केलेला प्राणी आणि गावातल्या जोडप्याच्या ज्या बाळाला त्याने नाव दिले ते बाळ, दोन्ही त्याला पुढच्या गोष्टीत भेटतात. बाळ तोवर मोठे झालेले असते. दोन्ही खेळांमागचा खरा सूत्रधार आणि खरा शेवट दिसतो तोही असे जोडून खेळल्यावरच.

आपल्यापैकी अनेक जण सध्या हातात मावणाऱ्या उपकरणांसाठी खेळ बनवत आहेत. 'दोन आवृत्त्या काढू' ही सूचना बैठकीत कधी ना कधी येतेच. म्हणूनच 2001 सालची ही जोडी पुन्हा उघडून पाहावी असे वाटले.

जोड-आवृत्तीची वाट 1996 मध्ये जपानात 'पोकेमॉन रेड' आणि 'ग्रीन' यांनी पाडली. तिथे दोन्ही खेळ जवळपास एकच होते, फरक होता तो कोणता पोकेमॉन कुठे सापडतो एवढाच. एका कॅसेटवर संग्रह पुरा होत नसे, म्हणून केबल घेऊन मित्राकडे जावे लागे. ती उणीव मुद्दाम ठेवलेली होती आणि तिचे कारणही चोख होते: देवाणघेवाण हाच त्या खेळाचा गाभा होता. 1999 मध्ये हडसनने 'बॉम्बरमॅन मॅक्स'ही निळ्या आणि लाल अशा दोन रूपांत आणला. एकात नायक बॉम्बरमॅन, दुसऱ्यात मॅक्स. चौकटीत बॉम्ब ठेवायचा, ज्वाळा चारी दिशांना सरळ जातात हे हिशेबात धरून आडोसा शोधायचा, हे मूळ कोडे मात्र दोन्हीकडे तेच.

कॅपकॉमच्या 'ओरॅकल' जोडीने याच्या पुढचे पाऊल टाकले. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांच्या चमूने सामान वाटण्याऐवजी खेळण्याची रीतच वाटली. 'सीझन्स'चा भर झटापटीवर, 'एजेस'चा कोड्यांवर.

'सीझन्स'मधला एक प्रसंग जवळून पाहा. नायक झाडाच्या बुंध्यावर उभा राहून ऋतूंची काठी फिरवतो. हिवाळा आला की पाणी गोठते आणि त्यावरून चालत जाता येते. उन्हाळ्यात कड्यावर वेली चढतात, वसंतात एक फूल त्याला वरच्या कड्यावर उडवते. जागा एकच, पण तिच्याकडे चार वेळा नव्याने पाहावे लागते. 'एजेस'मध्ये हाच विचार काळावर बेतला आहे. भूतकाळात जाऊन रोपटे मऊ मातीत सरकवून ठेवावे, वर्तमानात परतावे, तर कड्याला धरून वेल उभी. पहिल्या खेळात हात तयार होतात, दुसऱ्यात डोके. आणि कोणताही आधी खेळला तरी चालते.

या शेवटच्या वाक्यामागे किती घाम आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मूळ बेत तीन खेळांचा होता. दोन खेळांचे क्रम दोन होतात, तिनांचे सहा. प्रत्येक क्रमात गोष्ट जुळायला हवी, प्रत्येक सांकेतिक शब्दाने योग्य ते दार उघडायला हवे. हा गुंता आवरेना, तेव्हा तिसरा खेळ सोडून देण्यात आला. ज्याच्यावर मेहनत झाली आहे ते काढून टाकायला धैर्य लागते, आणि या जोडीचा रेखीवपणा त्या धैर्यातून आला असे मला मनापासून वाटते. हेच फुजिबायाशी पुढे 2017 च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चे दिग्दर्शक झाले.

आज दुसरी आवृत्ती काढणे फार सोपे झाले आहे. माहितीच्या तक्त्यातल्या चार ओळी बदलल्या, नायकाच्या अंगरख्याचा रंग बदलला, की झाली. नेमका तिथेच खेळाडूचा विश्वास पणाला लागतो. पूर्ण खेळाचे पैसे मोजलेल्या मुलाला आपण मुद्दाम काही कमी दिले आहे, हे त्याला कळतेच. 'सीझन्स' एकटा घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र आठ भुयारे, स्वतंत्र प्रदेश, स्वतंत्र खलनायक आणि एक शेवट येतो. त्याच्या हातात अर्धे काही नसते. दुसरा खेळ घेणाऱ्याला जे मिळते ते वरचे असते.

म्हणून एक आग्रहाची विनंती. दोन आवृत्त्यांचा निर्णय घेण्यापूर्वी कोरा कागद घ्या आणि प्रत्येक आवृत्तीत खेळाडू काय करतो, ते एकेका क्रियापदात लिहा. 'सीझन्स'मध्ये तो ऋतू बदलतो. 'एजेस'मध्ये तो काळ ओलांडतो. तुमच्या कागदावर दोन्हीकडे एकच क्रियापद आले, तर मग ते दोघांना एकमेकांच्या घरी नेणारे असावे, पोकेमॉनमधल्या देवाणघेवाणीसारखे. तेही नसेल, तर एकच खेळ काढा आणि दुसऱ्यासाठी राखून ठेवलेले सगळे त्यातच घाला.