शिष्यवृत्ती नव्हे, सेल!

गेल्या रविवारी सकाळी सकाळी मामाचा फोन. "अरे, पेढे खायला ये! तिला अमेरिकेत मेरिट स्कॉलरशिप मिळाली. वर्षाला ३० हजार डॉलर!"

ती म्हणजे माझी मामेबहीण. बारावीला आहे. अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोन्ही शिकायचंय म्हणते, म्हणून आमच्यासारखी इंजिनिअरिंगच्या रांगेत उभी न राहता तिने अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांना अर्ज केले. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही छोटी कॉलेजं. साधारण दीड-दोन हजार विद्यार्थी, बहुतेक ठिकाणी फक्त पदवीपर्यंतचं शिक्षण, छोटे वर्ग, आणि कवितेपासून क्वांटमपर्यंत सगळं एकाच छपराखाली.)

गेलो. पेढा तोंडात टाकला आणि पत्र वाचायला घेतलं. ट्यूशन, राहणं, जेवण मिळून वर्षाचे ७८ हजार डॉलर. त्यातून ३० वजा. उरले ४८ हजार.

"मामा, या उरलेल्याचं काय?"

मामी उठून स्वयंपाकघरात गेली. मामा म्हणाला, "फ्लॅट आहे ना आपला. अरे, एवढं मोठं कॉलेज स्वतःहून ३० हजार देतंय, म्हणजे पोरीत काहीतरी आहे. मग आपण मागे हटायचं का?"

हे वाक्य ऐकलं आणि ठरवलं, या शनिवारी यावरच लिहायचं. कारण बापाच्या तोंडून नेमकं हेच वाक्य बाहेर पडावं, यासाठी ते पत्र लिहिलेलं असतं.

आपल्याकडे स्कॉलरशिप या शब्दाला एक वजन आहे. चौथीची स्कॉलरशिप परीक्षा आठवतेय? (मधल्या काळात ती पाचवी-आठवीला गेली.) पैसे किरकोळ मिळायचे, पण शाळेच्या फळ्यावर नाव लागायचं. त्याहून मोठं उदाहरण म्हणजे बाबासाहेब. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि बाबासाहेब कोलंबियाला गेले. ती नसती तर जाणं झालं नसतं, आणि ती होती म्हणून जाता आलं. माझ्या मते शिष्यवृत्तीची व्याख्या एवढीच.

मामाच्या हातातला कागद या व्याख्येत कुठे बसतो? फ्लॅट विकला तरच तो कामाचा. विकायचा नसेल तर शून्य.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. पहिल्या नोकरीत मी एका ऑनलाइन दुकानाच्या कूपन सिस्टिमवर काम करायचो. कूपन कोणाला द्यायचं? जो तसाही घेणार आहे त्याला नाही. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्यालाही नाही. ज्याने वस्तू कार्टमध्ये टाकलीय आणि घुटमळतोय, त्याला. किती द्यायचं? तो 'हो' म्हणेल एवढंच, एक रुपया जास्त नाही. आणि वर लिहायचं, 'खास तुमच्यासाठी'.

मेरिट स्कॉलरशिपचं गणित बऱ्याच कॉलेजांत असंच चालतं. त्याला 'एनरोलमेंट मॅनेजमेंट' असं भारदस्त नाव आहे. १९७०च्या दशकात बॉस्टन कॉलेजात जॅक मॅग्वायर यांनी हे शास्त्र उभं केलं, आणि गृहस्थ मूळचे भौतिकशास्त्राचे! आज यासाठी सल्लागार कंपन्या आहेत, मॉडेलं आहेत. अमुक मार्क, तमुक गाव, एवढं उत्पन्न असलेल्या मुलाला १५ हजार दिले तर तो येण्याची शक्यता किती, २० दिले तर किती, हे सगळं काढता येतं.

का करतात? हिशोब बघा. कॉलेजकडे ६० हजार डॉलर आहेत. एका हुशार, गरीब मुलीची पूर्ण ट्यूशन माफ केली तर ते संपले, आणि तिच्याकडून ट्यूशनचे शून्य आले. तेच ६० हजार चार सुखवस्तू घरांतल्या मुलांना १५-१५ हजार वाटले, तर चौघं उरलेले ४५-४५ हजार घेऊन येतात. म्हणजे १ लाख ८० हजार जमा. वर त्या चार घरांत पेढे वाटले जातात ते वेगळंच :-)

त्या गरीब मुलीचं काय होतं? तिला प्रवेश मिळतो, पण मदत अपुरी मिळते. मग ती येतच नाही, किंवा कर्ज काढून येते. अनेक कॉलेजं गरजू मुलांची पूर्ण गरज भागवत नाहीत, आणि त्याच वर्षी गरज नसलेल्यांना मेरिटचे पैसे देतात. हे कुठलं गुपितही नाही. बहुतेक कॉलेजं 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यातला एच विभाग उघडा. किती गरजूंची गरज पूर्ण भागवली आणि गरज नसलेल्या किती जणांना सरासरी किती दिले, दोन्ही आकडे जवळजवळच असतात. माझा राग आहे तो इथे.

बरं, ही सूट अपवादाने मिळते म्हणाल तर तसंही नाही. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना ट्यूशनच्या दर १०० डॉलरमागे सरासरी ५० हून जास्त कॉलेजच परत सोडतं. (यात गरजेवर दिलेली मदतही आली.) म्हणजे छापील किंमत ही लक्ष्मी रोडवरच्या सेलमधल्या खोडलेल्या एमआरपीसारखी. सेंट जॉन्स कॉलेजने २०१८ मध्ये हे नाटक बंद करायचं ठरवलं आणि ट्यूशन सुमारे ५२ हजारांवरून थेट ३५ हजारांवर आणली. आपला नेहमीचा दुकानदारसुद्धा असंच सांगतो, "घासाघीस नको, शेवटचा भाव सांगतो."

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजं चालायची कशी? रिकामी खोली, रिकामा बाक यांचा खर्च थोडाच थांबतो? मान्य. अनेक छोटी कॉलेजं खरंच अडचणीत आहेत, काही बंदही पडली. त्यांनी सूट जरूर द्यावी. फक्त तिला सूट म्हणावं. मेरिटच्या नावाखाली एखाद्या बापाच्या अभिमानाला हात घालू नये.

दुसरा रस्ताही आहे. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, पोमोना ही कॉलेजं मेरिटवर पैसे देतच नाहीत, फक्त गरजेवर देतात. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडेन तर परदेशी मुलांना प्रवेश देतानाही पैशाची गरज बघत नाहीत. "त्यांच्याकडे रग्गड पैसा आहे" हे खरंच आहे. पण केंटकीतलं बेरिया कॉलेज बघा. १८९२ पासून तिथे विद्यार्थ्यांकडून ट्यूशन घेत नाहीत. प्रत्येक मूल आठवड्याला निदान १० तास काम करतं, आणि प्रवेश मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांनाच. आज त्यांच्याकडेही मोठा निधी आहे, पण तो त्यांनी कशावर लावायचा ठरवला ते महत्त्वाचं. आणि हो, खरीखुरी मेरिट स्कॉलरशिपही असते. वॉशिंग्टन अँड ली मधली जॉन्सन स्कॉलरशिप ट्यूशन, राहणं, जेवण सगळं देते. ती मिळाली तर पेढे मी आणेन.

तर मंडळी, घरात असं पत्र आलं की तीन गोष्टी करा. एक, स्कॉलरशिपचा आकडा झाका आणि भरायचा आकडा वाचा. दोन, रक्कम चार वर्षं तीच राहणार का आणि फी दरवर्षी किती वाढते, ते लेखी विचारा. मामाने ४८ गुणिले ४ करून १ लाख ९२ हजार काढले होते. फी वर्षाला ४ टक्के वाढली आणि स्कॉलरशिप तेवढीच राहिली, तर होतात २ लाख ११ हजार. रुपयांत पावणेदोन कोटींच्या पुढे. तीन, त्या तक्त्यातला एच ६ बघा. परदेशी मुलांना सरासरी किती मदत मिळते ते तिथे कळतं. मग कॉलेजला सरळ लिहा, "एवढ्यात जमत नाही, वाढवा." सेल आहे ना? मग भाव करायला लाजायचं कशाला?

निघताना बहीण जिन्यापर्यंत आली. "दादा, म्हणजे मी हुशार आहे म्हणून नाही मिळाली ती?"

म्हटलं, "हुशार तू आहेसच गं. पण ते तुझ्या वह्या बघून कळतं, या पत्रावरून नाही."

तिने त्याच रात्री कॉलेजला मेल टाकला. उत्तर अजून आलेलं नाही. मामाला एवढंच सांगितलंय, उत्तर येईपर्यंत फ्लॅटला हात लावू नकोस.